फाईल बोलते, पण निकाल देत नाही

पेडगावच्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक एक्सेल फाईल आली. अतिवृष्टीच्या मदतीची यादी. त्यात काकांचं नावच नाही. सोयाबीन पाण्यात गेलेलं, त्यात हे. काका म्हणाले, "तू पत्रकार होणार ना? मग बघ बरं, यादी खरी हाय का."

मी मास कॉमवाली, कोडिंग जेमतेम. पण एक गोष्ट माहीत होती. एक्सेलची फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं असतं. त्यात तक्त्यांसोबत एक छोटी नोंद असते. फाईल कुणी बनवली, कधी बनवली, शेवटचा बदल कुणी आणि कधी केला. हाच मेटाडेटा. पायथॉनमधल्या ओपनपायएक्सएल या लायब्ररीने फाईल उघडायची आणि तिच्या 'प्रॉपर्टीज' छापायच्या. चार ओळींचा कोड. एकच फाईल असेल तर हे एक्सेलमध्येही दिसतं, पण पन्नास फाईली असल्या की कोडच कामाला येतो. (मित्राची असाइनमेंट नाव बदलून पाठवणाऱ्यांनो, सरही हे बघू शकतात!)

स्क्रीनवर आलं ते बघून मी उडालेच. बनवणारा कुणी अनोळखी. बनवल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. शेवटचा बदल गेल्या आठवड्यात, पहाटे ५.४० ला. म्हणजे जुनी यादी, परक्या माणसाची, पहाटे गुपचूप बदललेली! स्टोरी मिळाली राव! हेडिंगसुद्धा डोक्यात तयार झालं. सीनियरनी एवढंच विचारलं, "ज्यांची यादी आहे त्यांना विचारलंस?"

विचारलं. आणि तिन्ही फुगे फुटले. जुनी फाईल उघडून 'सेव्ह ॲज' केलं की बनवल्याची तारीख मूळचीच राहते, आणि तिथे दरवर्षी तोच साचा वापरतात. नाव होतं बदली होऊन गेलेल्या ऑपरेटरचं. आणि पहाट? फाईलमधली वेळ यूटीसीत असते. साडेपाच तास मिळवले की सकाळचे ११.१०, भर ऑफिसची वेळ. काकांचं ई-केवायसी अडकलं होतं, म्हणून नाव नव्हतं. मी न विचारता लिहिलं असतं, तर यादी टाइप करणारा एक साधा माणूस गावभर चोर ठरला असता.

मग मेटाडेटा बघूच नये का? उलट, बघायलाच हवा. माणसाच्या प्रामाणिकपणावरचा २०१२ चा एक गाजलेला शोधनिबंध घ्या. २०२१ मध्ये 'डेटा कोलाडा'च्या संशोधकांनी त्याची मूळ एक्सेल फाईल तपासली. आकड्यांची विचित्र मांडणी आणि एकाच रकान्यातले दोन फॉन्ट बघून त्यांनी डेटा बनावट असल्याचं दाखवलं. प्रॉपर्टीजमध्ये फाईल बनवणारे म्हणून सहलेखक डॅन एरियली यांचं नाव होतं. निबंध मागे घेतला गेला. पण आकडे नेमके कुणी बनवले, हे त्या एका नावाने सिद्ध झालं नाही. एरियलींनी आपण ते केल्याचं नाकारलं. नोंदीने प्रश्न कुणाला विचारायचा ते सांगितलं, उत्तर नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पिढीच्या हातात रोज याद्या येतात. शिष्यवृत्तीच्या, भरतीच्या, पीकविम्याच्या. त्या फॉरवर्ड करण्याआधी आत डोकावायला शिका. माहिती अधिकारात अर्ज करताना प्रिंटआउटच्या स्कॅनवर समाधान मानू नका, मूळ फाईल मागा. कॉम्प्युटरमधली माहिती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मागायची सोय २००५ च्या कायद्यातच आहे. स्कॅनमध्ये फाईलची ही जन्मकुंडली राहत नाही. पण कुंडली वाचून लगेच कुणाला फासावर चढवू नका. आधी एक फोन करा.

काका परवा ई-केवायसी करून आले. आता पुढच्या यादीची वाट बघतोय. ती आली की पुन्हा त्याच चार ओळी चालवणार. या वेळी साडेपाच तास मिळवून.