वय पाहून मूळव्याध ठरवू नका



वॉर्डात काम करत असताना पस्तिशीच्या एका भावाने मला हळूच सांगितलं होतं, "ताई, शौचातून रक्त जाते." मी त्याचं वय पाहिलं आणि म्हणाले, मूळव्याध असेल, तिखट कमी करा. आठ महिन्यांनी तो परत आला तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता. चूक माझी होती.

मोठ्या आतड्याचा कर्करोग म्हणजे उतारवयाचा आजार, असं आम्ही डिप्लोमात शिकलो. आता अनेक देशांत पन्नाशीच्या आतल्यांत तो वाढतो आहे. एका पिढीत माणसाचं रक्त बदलत नाही, भोवताल बदलतो. 2025 मध्ये 'नेचर' नियतकालिकात 11 देशांतल्या 981 रुग्णांच्या गाठींचा अभ्यास आला. आतड्यातले काही ई. कोलाय जंतू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात. त्या विषाच्या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत 3.3 पट जास्त सापडल्या. त्या बालपणीच उमटल्या असाव्यात, असं संशोधक म्हणतात. त्या 11 देशांत भारत नाही. आपल्या पोरांची मोजणी कोण करणार?

हे जंतू कशाने जोर धरतात ते अजून ठरलेलं नाही. पाकीटबंद खाणं, जेवणात कमी चोथा आणि वारंवार अँटिबायोटिक यांवर संशय आहे. दारू, विडी-सिगारेट आणि प्रक्रिया केलेलं मांस यांबद्दल मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेला शंका नाही. कुणी याला नशीब म्हटलं तर मानू नका. आणि दिवसभर धानाच्या बांधीत राबणाऱ्या आईलाही बोल लावू नका. पाच रुपयांत पोराला चिप्सचं पाकीट मिळतं, वाटीभर डाळ मिळत नाही. तापाच्या पहिल्याच दिवशी झोलाछाप डॉक्टर अँटिबायोटिक देतो, त्यालाही कुणी विचारत नाही.

सरकारी तपासणीत तीस वर्षांवरच्यांचे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हेच कर्करोग धरले आहेत. आतडं नाही. माझी मागणी साधी आहे. सडक अर्जुनीच्या ग्रामीण रुग्णालयात येणाऱ्या तरुणालाही विचारा, शौचातून रक्त जातं का, शौचाची सवय बदलली का, वजन उतरलं का. हो म्हणाला तर हिमोग्लोबिन पाहा आणि डॉक्टरांनी बोटाने गुदाशय तपासावा. त्याला मशीन लागत नाही. पुढची दुर्बिणीची तपासणी गोंदियाला किंवा नागपूरला होते. कर्करोगाचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात, म्हणून जाताना रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

बायांचं आणखी अवघड. रक्त कमी निघालं की लोहाच्या गोळ्या देऊन परत पाठवतात, आणि शौचातल्या रक्ताबद्दल त्या नवऱ्याजवळही बोलत नाहीत. रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने हा विषय काढावा. पहिल्यांदा लाज वाटेल. मी येऊन बोलायला तयार आहे.