चोखंदळांचा छंद

पोटापाण्याची विवंचना मिटल्यावर माणूस आपल्या फावल्या वेळाचे काय करतो, यावरून समाजाच्या मनोवृत्तीचा अदमास बांधता येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुणे, मुंबई, बंगळूर या शहरांत आणि त्यांच्या मागोमाग आमच्या गोव्यातही दोन नवे छंद मूळ धरू लागले आहेत. एक आहे उंची हेडफोनचा आणि दुसरा क्राफ्ट बिअरचा, म्हणजे लहान भट्टीत, थोड्या प्रमाणावर, निगुतीने आंबवलेल्या बिअरचा. या दोन्ही छंदांचा उपासक बहुधा एकच असतो. नोकरीधंद्यात स्थिरावलेला, तिशी-चाळिशीतला हा सुशिक्षित तरुण दिवसभराचे काम आटोपून घरी येतो, पेल्यात बिअर ओततो, कानांवर हेडफोन चढवतो आणि तासभर जगाला विसरतो. कानाला लावायच्या यंत्रापायी लाखभर रुपये मोजणारा हा प्राणी पाहून जुन्या पिढीचे लोक कपाळाला हात लावतात. परंतु या उपहासात सामील होण्यापूर्वी त्या छंदाचे मर्म समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

हेडफोन ही वस्तू नवी नव्हे. तारायंत्राच्या व नौदलाच्या खोल्यांत ती शंभर वर्षांपूर्वीच पोहोचली होती. संगीत ऐकण्यासाठी खास घडवलेला पहिला स्टिरिओ हेडफोन जॉन कॉस यांनी १९५८ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे बाजारात आणला. हे शहर तेथील बिअरच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असावे, हा योगायोगही मोठा गमतीचा! १९७९ साली जपानच्या सोनी कंपनीने वॉकमन काढला आणि गाणे माणसाच्या खिशात जाऊन बसले. २००९ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी ८०० हा हेडफोन आला, तेव्हापासून तर या छंदाला जणू स्वतंत्र पंथाचे रूप आले. चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावणारा एक पातळ पडदा, एवढेच या यंत्राचे बीज. पण तो पडदा किती हलका, किती ताठ, त्याच्या मागची पोकळी बंद की उघडी, यावर स्वराचा पोत पालटतो. तानपुऱ्याच्या तारेचा झंकार कोठे विरला, गायकाने तानेपूर्वी श्वास कोठे घेतला, तबल्याच्या शाईवर बोट कसे पडले, हे सारे चांगल्या यंत्रातून स्वच्छ कळते. हा आनंद खोटा नाही. ज्याला तो कळला, त्याचे ऐकणे सुधारले असेच म्हटले पाहिजे.

बिअरचीही तीच कथा. २००९ सालीच पुण्यात डूलाली नावाची छोटी भट्टी निघाली आणि महाराष्ट्रातील तरुणांना ताज्या बिअरची चव कळली. हे नाव इंग्रजी वाटले तरी ते आमच्या नाशिकजवळच्या देवळालीचा अपभ्रंश आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने कुजलेल्या गोऱ्या सोजिरांची डोकी फिरत. त्यावरून भ्रमिष्ट माणसाला इंग्रज ‘डूलाली’ म्हणू लागला. आज जगभरच्या क्राफ्ट बिअरमध्ये ज्या कडवट प्रकाराचा सर्वाधिक बोलबाला आहे, त्याचे ‘इंडिया पेल एल’ हे नावही हिंदुस्थानातल्या गोऱ्यांसाठी जहाजांतून येणाऱ्या, हॉपची फुले सढळ हाताने घातलेल्या बिअरवरून पडले. सातू की गहू, हॉप कोणत्या जातीचा, किण्व कोणते, या प्रत्येक निवडीचा चवीत फरक पडतो. गव्हाच्या बिअरमध्ये केळ्यालवंगांचा वास येतो, तो केळे-लवंग घालून नव्हे, निव्वळ किण्वाच्या करणीने. हे ओळखून घुटका घुटका पिणारा आणि झिंगण्यासाठी बाटली रिचवणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

या चोखंदळपणाला परदेशांत कायद्याचाही हातभार लागला, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत मूठभर प्रचंड कारखान्यांनी बिअरची चव सपाट करून टाकली होती. १९७८ साली घरच्या घरी बिअर गाळण्यास तेथील केंद्रीय कायद्याने मुभा दिली. हौशी मंडळींनी स्वयंपाकघरांत प्रयोग केले, त्यांतल्याच काहींनी पुढे लहान भट्ट्या काढल्या आणि पाहता पाहता त्यांची संख्या हजारांवर गेली. सारांश, घरगुती कारागिराला गुन्हेगार न मानता त्याला प्रतिष्ठा दिली, की त्यातून व्यवसाय उभा राहतो आणि ग्राहकाची जाणही वाढते.

आता आमच्या घराकडे वळू. ज्या २००९ साली पुण्यात ती भट्टी पेटली, त्याच वर्षी गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक निर्देशांकाचे मानांकन मिळाले. परंतु मानांकन मिळालेली ही फेणी कायद्याच्या दप्तरात त्यानंतरही ‘देशी दारू’ म्हणूनच नोंदलेली होती. तिला गोव्याचे वारसा-मद्य म्हणून मान्यता मिळण्यास २०१६ साल उजाडावे लागले आणि तिच्याविषयीचे स्वतंत्र धोरण २०२१ साली आले. पिकते तेथे विकत नाही, या म्हणीची इतकी चपखल साक्ष दुसरी मिळणार नाही.

वास्तविक क्राफ्ट बिअरचा भक्त ज्या ज्या गुणांसाठी जीव टाकतो, ते सारे फेणीत शतकानुशतके आहेत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात काजूचे झाड येथे आणले. मातीची धूप थांबवणाऱ्या या झाडाच्या फळाचे मद्य करण्याची विद्या मात्र गोमंतकीय कारागिराने सिद्ध केली. पिकून आपोआप गळालेलीच बोंडे तो वेचतो. ती तुडवून रस काढतो, कोणतेही विकतचे किण्व न घालता तो आंबू देतो, भाटीवर चढवतो. पहिल्या धारेचा तो हुर्राक, उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांपुरताच मिळणारा. पुन्हा गाळल्यावर होते ती फेणी. तिची तीव्रता तो ‘ग्राव’ या मापात सांगतो आणि बाटली हलवून वर येणाऱ्या फेसावरून ती नुसत्या नजरेने ताडतो. फेणी हे नावच मुळी त्या फेसावरून आले. हाच कारागीर युरोपातील एखाद्या खेड्यात असता, तर त्याच्या भट्टीच्या दारात पर्यटकांच्या रांगा लागल्या असत्या. आमच्याकडे मात्र पाहुण्यांपुढे परदेशी बाटली ठेवणे ही प्रतिष्ठा, आणि फेणी म्हणजे पोट बिघडल्यावर घ्यावयाचे औषध!

ही अवहेलना केवळ गोव्यापुरती नाही. मराठी मुलुखाच्या पार ईशान्येला, बालाघाट जिल्ह्यातील राजेगावासारख्या गावांपासून गोंदिया-गडचिरोलीच्या रानांपर्यंत, चैत्रात मोहाची फुले वेचणे हा गोरगरिबांचा आधार आहे. इंग्रजाने १८९२ साली मुंबई इलाख्यासाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा खास कायदा केला. त्याचा रोख लोकांच्या नीतीपेक्षा सरकारच्या अबकारी उत्पन्नावर होता. फूल वेचणारा त्यामुळे शिपायाच्या भीतीखाली आला. मोहाच्या दारूला वारसा-मद्य मानणारे धोरण मध्य प्रदेश शासनाने आणले ते २०२२ साली, म्हणजे त्या कायद्यानंतर एकशेतीस वर्षांनी. परक्या राज्यकर्त्याने आमच्या वस्तूला लावलेला हलकेपणाचा शिक्का पुसायला स्वराज्यातही इतका काळ लागावा, याचे वैषम्य कोणाही स्वाभिमानी माणसास वाटल्यावाचून राहणार नाही.

कानाच्या बाबतीत तर गोमंतकाने कोणापुढे हात पसरण्याचे कारणच नाही. फोंडा तालुक्यातील केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची एक भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत बसवून अमेरिकेने अंतराळात धाडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या; त्यांचा स्वर मात्र सूर्यमालेच्या पलीकडे निघाला आहे. जेमतेम साडेतीन मिनिटांची ती मुद्रिका. एका बाजूवर त्याहून फारसे मावतच नसे, म्हणून मैफलीत तासभर उलगडणारा राग त्या पिढीच्या गायकांनी तेवढ्यात बसवून दाखवला. आज लाखाचा हेडफोन घेणाऱ्या किती मराठी हौशी मंडळींनी ही भैरवी त्यावर ऐकली असेल? यंत्राची परीक्षा करण्यासाठी परदेशी वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लावावे आणि आपल्या तानपुऱ्याची जवारी ओळखता येऊ नये, ही अवस्था काही भूषणावह नव्हे.

जवारी म्हणजे घोडीच्या पृष्ठभागाची ती सूक्ष्म घासणी, जिच्यामुळे तारेखाली सुताचा धागा सरकवताच एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. मिरजेचे कारागीर ती पिढ्यान् पिढ्या केवळ कानाच्या आधाराने साधत आले. त्यांच्या सतार-तानपुऱ्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला तो २०२४ साली. तोवर घरोघरच्या रियाझात विजेवरचा तानपुरा आणि पाठोपाठ मोबाईलमधला तानपुरा येऊन बसला होता. ज्याला दोन हेडफोनांतील बारीक फरक कळतो, त्याला खऱ्या आणि विजेच्या तानपुऱ्यातील फरक कळणार नाही काय? कळेल. प्रश्न आहे तो त्याने तिकडे कान देण्याचा.

या छंदाचे दोन दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. त्यांतला पहिला आरोग्याचा. उत्तम यंत्र असले म्हणून कान पोलादाचे होत नाहीत. प्रौढाने आठवड्याला चाळीस तासांपर्यंतच, आणि तेही ऐंशी डेसिबलच्या आत ऐकावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे. आवाज चढला की हे तास झपाट्याने घटतात. मद्याविषयी तर अधिकच सावधपणे बोलावयास हवे. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे आमच्या गावागावांत आहेत आणि चोखंदळपणाचे नाव घेतल्याने व्यसनाचे विष उतरत नाही. फेणीला मान द्यावा याचा अर्थ ती घरोघर प्यावी असा नव्हे. जो पितो त्याने कमी, जाणून आणि उत्तम तेच प्यावे. जो पीत नाही त्याने करणाऱ्याच्या विद्येला तुच्छ लेखू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

दुसरा दोष याहून खोल आहे. आमची रसिकता मुळात बैठकीची. देवळाच्या चौकात गाणे रंगे, तेव्हा जाणकाराची मान डोलताना पाहून नवखाही शिके. दाद हीच त्याची शाळा असे. हेडफोनचा रसिक एकटा ऐकतो, त्याची दाद कोणालाच ऐकू जात नाही. घरात सर्वोत्तम स्वर विकत घेता येतो, असे एकदा वाटू लागले की गावाच्या सभागृहात काय ऐकू येते याची फिकीर उरत नाही. पणजीच्या कला अकादमीचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. चार्ल्स कोरिया यांनी रेखलेल्या या वास्तूत, दीनानाथ मंगेशकरांचे नाव मिरवणाऱ्या नाट्यगृहात, गोव्याच्या दोन पिढ्यांचे कान घडले. केसरबाईंच्या स्मृतीचा संगीत समारोहही तिचाच. नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३ मध्ये तिच्या खुल्या रंगमंचावरील छत कोसळले. नोव्हेंबरात वास्तू पुन्हा खुली झाल्यावर ध्वनी, प्रकाशयोजना व गळती यांविषयी कलावंतांनी जाहीर तक्रारी केल्या आणि २०२४ साली नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला कृतिदल नेमावे लागले. या सर्व काळात आवाज उठवला तो प्रामुख्याने कलावंतांनी. ज्यांच्या कानांना बारकाव्यांची सर्वाधिक पारख आहे, ज्यांच्यापाशी पैसा आणि शिक्षण दोन्ही आहे, तो नवा रसिक वर्ग त्यांच्या पाठीशी किती उभा राहिला, याचा त्या वर्गानेच विचार करावा.

चोखंदळपणा हा नागरिकाचाही गुण आहे. निकृष्ट वस्तू निकृष्ट म्हणून ओळखणे आणि ती नाकारणे, ही सवय जिभेला व कानाला लागली तर ती तेथेच थांबण्याचे कारण नाही. पेल्यातील बिअर शिळी आहे हे ज्याला एका घुटक्यात कळते, त्याने बाजारातील भेसळीची फेणीही ओळखावी आणि खऱ्या भाटीकाराला त्याच्या श्रमाचे योग्य मोल द्यावे. यंत्रातील किंचितही खरखर ज्याला साहत नाही, त्याने आपल्या करातून उभ्या राहिलेल्या सभागृहातील खरखर निमूटपणे सोसू नये. शासनानेही फेणीचे धोरण कागदावर न ठेवता ते बोंडे वेचणाऱ्यापर्यंत पोहोचवावे आणि सार्वजनिक नाट्यगृहाची दुरुस्ती झाली की तिची परीक्षा उद्घाटनाच्या फितीपूर्वी ध्वनितज्ज्ञ व कलावंत यांच्याकडून उघडपणे करवून घ्यावी.

हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरेच. ज्याने आपल्या कष्टाच्या पैशातून हेडफोन घेतला, त्याने तो सुखाने वापरावा. मात्र जाणकार हे बिरूद लावायचे असेल, तर त्या जाणतेपणाचा काही भाग आपल्या मातीतल्या कारागिराच्या आणि गावाच्या सभागृहाच्या वाट्याला आला पाहिजे. एवढे झाले तर या छंदाला नाक मुरडण्याचे कारण जुन्या पिढीलाही उरणार नाही.