खोलीखोलीचं लायसन्स

रेडिओचं लायसन्स आठवतंय का मैत्रिणींनो? पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे. 1980च्या दशकात ते बंद झालं आणि आपण विसरूनही गेलो. आता नाशिकच्या मुली शिकायला इंग्लंडला जातात, तर तिथे होस्टेलच्या दारात टीव्हीचं लायसन्स उभंच!

थेट प्रक्षेपण पाहायचं, मग ते मोबाइलवर का असेना, तर लायसन्स हवं. बीबीसीच्या आयप्लेअरलाही हवं. 2025-26चा दर 174.50 पौंड, म्हणजे वीस हजार रुपयांच्या घरात. न भरता पाहिलं तर दंड 1000 पौंडांपर्यंत. कॉमन रूमचं लायसन्स स्वतःच्या खोलीत चालत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. तिथल्याच मुलीच्या आईवडिलांकडे लायसन्स असेल, तर ती होस्टेलवर बॅटरीवरच्या मोबाइलवर बघू शकते. चार्जर तेवढा लावायचा नाही! (हा नियम कुणाला सुचला असेल?) शेजारच्या खोलीतल्या आपल्या लेकीचे आईवडील नाशकात, म्हणून तिला सवलत नाही. कॉलेजची फी मात्र तिलाच जास्त. त्यापेक्षा होस्टेलच्या भाड्यातच सगळ्यांकडून थोडेथोडे घ्या ना!

तोवर लेकीला निघण्याआधीच सांगून ठेवा. मराठी मालिका नंतर ॲपवर पाहिली तर लायसन्स लागत नाही, क्रिकेटची मॅच लाइव्ह पाहिली तर लागतं. थेट काहीच बघत नसेल तर तसं ऑनलाइन कळवता येतं. आणि पैसे भरून वर्षाआधीच परत यायचं झालं, तर उरलेल्या पूर्ण महिन्यांचे मागून घ्यायला लाजू नये.