ब्रेझा की नेक्सॉन?
अंजनवेलमध्ये ब्रेझा घ्यावी की नेक्सॉन, हे शोरूममधल्या किमतीपेक्षा पुढच्या काही वर्षांच्या खर्चावर ठरते. दोन्ही गाड्या चार मीटरच्या आतल्या. ब्रेझाचे पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे, नेक्सॉनचे ११९९ सीसीचे, पण टर्बो. वर्षाला १२,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीने लिटरमागे १५ ऐवजी १८ किलोमीटर दिले, तर सुमारे १३३ लिटर पेट्रोल वाचते. सर्व्हिसिंगसाठी चिपळूण गाठण्यात दिवस मोडतो. तिथे सुटे भाग लगेच मिळतात का, हे आधी विचारावे. दाभोळ खाडीची खारी हवा आणि कोकणचा पाऊस पत्रा गंजवतात. अँटी-रस्ट कोटिंग आणि पावसाळ्यानंतर गाडीची खालून धुलाई दोन्हींना सारखीच लागते. इंधनखर्चातला फरक थोडा असेल, तर जिचे वर्कशॉप सोयीचे, तीच गाडी घ्यावी.