मर्लिन: नाव एक, कुळे दोन

इंग्रजीतला 'मर्लिन' हा शब्द रोजच्या बोलण्यातला नाही, पण तो फार वेगवेगळ्या ठिकाणी भेटतो. राजा आर्थरच्या कथांमधला जादूगार मर्लिन आणि ससाण्याच्या कुळातला एक छोटा शिकारी पक्षीही मर्लिन. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर आणि हरिकेन ही विमाने रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनावर उडाली, आणि आज फाल्कन ९ अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात पेटणारी नऊ इंजिनेही मर्लिनच. हे सारे शेजारी मांडले की मन लगेच नाते जुळवते: जादूगाराचे नाव पक्ष्याला, आणि जादूसारखी ताकद म्हणून इंजिनालाही. हे नाते खोटे आहे. पक्ष्याचे नाव जुन्या फ्रेंच शब्दावरून आले आणि इंग्रजीत येताना त्याचा आरंभीचा उच्चार गळाला. जादूगाराचे नाव म्हणजे वेल्श भाषेतल्या 'मर्दिन'चे लॅटिन वळण. बाराव्या शतकात जेफ्री ऑफ मॉनमथने ते प्रसिद्ध केले. दोन निराळे शब्द इंग्रजीत येऊन एकाच स्पेलिंगवर थांबले, इतकेच.

मग इंजिनाचे नाव यांपैकी कोणावरून? नुसत्या 'मर्लिन' शब्दाकडे कितीही वेळ पाहिले तरी याचे उत्तर मिळणार नाही. ते त्याच्या भावंडांकडे पाहिल्यावर मिळते. रोल्स-रॉइसची त्या काळातली इतर इंजिने केस्ट्रल, पेरेग्रिन आणि व्हल्चर या नावांची होती, म्हणजे सगळे शिकारी पक्षी. मर्लिन इंजिन 1933 मध्ये प्रथम चालवले गेले. 1940 च्या हवाई लढाईने त्याला मिळवून दिलेला चमत्काराचा लौकिक नंतरचा. अग्निबाणाच्या बाबतीतही तेच: फाल्कन म्हणजे ससाणाच, आणि फाल्कन बनवणाऱ्या कंपनीच्या आणखी एका इंजिनाचे नावही केस्ट्रल होते. नावाचा अर्थ ठरवताना ध्वनीपेक्षा काळ आणि सोबत यांची साक्ष मोठी मानली पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, लोकांनी कल्पनेने जुळवलेली व्युत्पत्तीही संस्कृतीचा भाग नाही का? आहे, आणि त्याचा उत्तम दाखला मर्लिनच आहे. वेल्समधल्या कार्मार्थेन गावाचे रोमन काळातले नाव मोरिडूनम, अर्थ समुद्रकाठचा किल्ला. तो अर्थ विस्मरणात गेल्यावर गावाच्या वेल्श नावात लोकांना 'मर्दिन' नावाचा माणूस दिसू लागला, असे अनेक अभ्यासक मानतात. चुकीच्या व्युत्पत्तीतून एक अजरामर पात्र जन्माला आले असेल, तर मला त्याचा आनंदच आहे. पण ही लोकांच्या कल्पनेची साक्ष झाली. त्या गावाची स्थापना मर्दिनने केली, याचा पुरावा ती होऊ शकत नाही.

आपल्याकडे हा फरक वारंवार पुसला जातो. 'बॉम्बे' हे नाव पोर्तुगिजांच्या 'चांगला उपसागर' या शब्दांवरून आले, असे आजही ठामपणे लिहिले जाते. पण पोर्तुगीज भाषेत उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याच्याआधी 'बॉम' हे पुल्लिंगी विशेषण लागणार नाही, 'बोआ' लागेल. गावांच्या आणि आडनावांच्या अशा व्युत्पत्त्या मोबाइलवर रोज फिरतात, आणि त्यांच्या आधारावर कुळांचे व गावांचे दावे मांडले जातात. म्हणून अशी व्युत्पत्ती पुढे पाठवण्याआधी वाचकांनी दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: या नावाची जुन्यात जुनी नोंद कोणती, आणि त्या भाषेच्या व्याकरणात हा अर्थ बसतो का?