लकी भास्करला टाळ्या कशासाठी?

2024 च्या दिवाळीत हैदराबादला मावसभावाकडे गेलो होतो. त्याने हौसेने आरटीसी क्रॉस रोडवर 'लकी भास्कर' दाखवला. तेलुगू मला जुजबीच येते, पण गोष्ट कळायला अडचण आली नाही. मुंबईच्या बँकेतला एक कर्जबाजारी कारकून बँकेचे पैसे गुपचूप वापरतो, परत ठेवतो, पुढे शेअर घोटाळ्यात हात धुऊन घेतो आणि शेवटी (सांगतो, रागावू नका) सगळे पचवून बायकापोरांसह परदेशी जातो. थिएटरात शिट्ट्याच शिट्ट्या!

मला त्या शिट्ट्यांचा राग आला. तोही हैदराबादेत म्हणून जास्त.

कारण याच शहरात 7 जानेवारी 2009 रोजी 'सत्यम'च्या रामलिंग राजूंनी संचालक मंडळाला पत्र लिहिले होते. ताळेबंदात दाखवलेल्या रकमेतले 5,040 कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, असे स्वतःच्या सहीने कबूल केले. एका तिमाहीत खरा नफा 61 कोटी, कागदावर 649! वाघावर बसलो होतो, खाऊन टाकल्याशिवाय उतरू कसा देणार, अशा अर्थाचेही त्यात होते. आणि त्याच पत्रात, मी स्वतः एक रुपयाही घेतला नाही, हेही! कबुली आणि सारवासारव एकाच कागदावर. कुठल्या पटकथाकाराला हे सुचले असते? पुढे खटला मात्र नेटाने लढवला. एप्रिल 2015 मध्ये इथल्याच विशेष कोर्टाने सात वर्षांची शिक्षा दिली, महिन्याभरात ती स्थगित होऊन जामीनही मिळाला.

आता पडद्याचे बघा. 2020 च्या ऑक्टोबरात नेटफ्लिक्सची 'बॅड बॉय बिलियनेअर्स' आली ती तीनच भागांची. राजूंवरचा भाग हैदराबादच्या दिवाणी कोर्टाच्या मनाईमुळे तेव्हा बाहेर राहिला. त्याच आठवड्यात 'स्कॅम 1992' आली. घोटाळा उघड केला सुचेता दलाल यांनी, त्यांच्या नि देबाशिष बसूंच्या पुस्तकावर मालिका, पण शीर्षकात नाव हर्षद मेहताचे. आणि लोकांच्या मोबाईलवर रिंगटोन? तीही त्याच मालिकेची.

मावसभाऊ म्हणाला, "अरे, सिनेमा आहे, एवढा काय तापतोस?" शेवटच्या रिळात पोलीस आलेच पाहिजेत असे मी म्हणतच नाही. पण बँकेत पैसे ठेवणारा माणूस पडद्यावर एकदा तरी दिसू द्या. पेन्शन ठेवलेली म्हातारी, शेअर घेतलेला मास्तर. ते दिसले की शिट्टी घशातच अडकते, म्हणून तर त्यांना दाखवत नाहीत!

मला बघायची आहे ती सहा जानेवारीची रात्र. टेबल, कोरा कागद, आणि पहिले वाक्य सुचत नसलेला माणूस. मावसभावाला हे सांगितले. तो हायटेक सिटीत नोकरीला आहे. गाडी सुरू करत म्हणाला, "तुझा सिनेमा इथे दोन शो पण चालायचा नाही."