सोन्याची राखण, चामड्याचा मक्ता

भारी किंमत मोजली की कारागिराच्या पोटाची तजवीज आपोआप होते, या समजुतीविषयी या स्तंभात मी पूर्वी लिहिले आहे. तरीही इटलीत घडलेली पर्स घेणाऱ्याला निदान मजुरांच्या पिळवणुकीचे पाप लागत नाही, असा निःशंक अभिप्राय एका सुविद्य वाचकाने या आठवड्यात पत्राने कळवला, याचा मला मनापासून खेद झाला.

मिलानच्या न्यायालयाने जून २०२४मध्ये दिओर या विख्यात पेढीची एक उत्पादक उपकंपनी न्यायालयनियुक्त प्रशासकाच्या देखरेखीखाली आणली. दुकानात २,६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या पिशवीच्या जुळणीचे, कच्चा माल वगळता, पोटमक्तेदाराला ५३ युरो मिळत असल्याचे तपासात नमूद झाले. कामगार कार्यशाळेतच झोपत. काम झपाट्याने उरकावे म्हणून यंत्रांवरील संरक्षक भाग काढून ठेवलेले होते. आणि रात्री व सणासुदीलाही यंत्रे चालू असल्याची साक्ष वीजवापराच्या नोंदींनीच दिली. कंपनीवर फौजदारी आरोप नव्हता, पुरवठादारांवर नजर ठेवण्यात हयगय केल्याचा ठपका होता, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तो अंमल मुदतीपूर्वी उठला, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

परंतु ज्या एलव्हीएमएच या उद्योगसमूहाच्या छत्राखाली दिओर आहे, त्याच समूहाकडे २०११पासून बुल्गारी ही रोमची जवाहिऱ्यांची पेढीही आहे, आणि या दोघींच्या कारभारातील अंतर मला त्या निकालपत्राहूनही बोलके वाटते. बुल्गारीने मिलानपासून शंभर किलोमीटरच्या आत, सोनारकामाची जुनी परंपरा असलेल्या वालेन्झा गावी, २०१७ साली स्वतःचा भव्य कारखाना उभारला, २०२५ साली त्याचा विस्तार केला आणि नव्या कारागिरांना शिकवण्यासाठी शाळाही काढली. तेथे सोनार पेढीच्या स्वतःच्या छपराखाली बसतो. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या सराफकट्ट्यावरही कानशीने उडालेला कीस संध्याकाळी झटकून गोळा होतो, आणि दुकानाची झाडलोट झाल्यावर उरलेली धूळसुद्धा झारेकरी विकत नेतात. जेथे रतीभर धातूचा हिशेब द्यावा लागतो, तेथे मालक काम नजरेआड जाऊ देत नाही. चामड्याच्या पिशवीत मौल्यवान असे जे काही आहे ते शिवणाऱ्याचे श्रम, आणि श्रम तराजूत पडत नाहीत. म्हणून ते मक्त्याने, मक्त्याखालच्या मक्त्याने, हवे तितके दूर लोटता येतात. एकाच समूहाला एके ठिकाणी कणाकणाची खबर असावी आणि दुसऱ्या ठिकाणी माणसे कोठे झोपतात याची नसावी, हे असामर्थ्य नव्हे. ती निवड आहे.

या व्यवहारात मुंबईही आहे. लाकडी अड्ड्यावर ताणलेल्या कापडाभोवती बसून, वरच्या हाताने आरी टोचत आणि खालच्या हाताने दोरा पुरवत आमच्या शहरातील कारागीर पॅरिसच्या पेढ्यांसाठी वर्षानुवर्षे भरतकाम करीत आले आहेत. दिओरने ३० मार्च २०२३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर प्रदर्शन मांडून मुंबईच्या ‘चाणक्य’ कार्यशाळेचे ऋण जाहीरपणे मान्य केले, त्याचे मी स्वागतच करतो. मात्र युरोपीय जकात कायद्यानुसार अनेक देशांत हात लागलेल्या मालाचे मूळ ठरते ते शेवटच्या भरीव प्रक्रियेच्या देशावरून. त्यामुळे अड्ड्यावर गेलेल्या दिवसांचा अस्तरावरील पट्टीत मागमूस उरेलच, अशी खात्री नाही.

माझे जुने मागणे येथे पुन्हा मांडतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण सक्तीची आहे आणि ग्राहकाला तिच्यावरून नोंदणीकृत सराफ व तपासणी केंद्र यांचा पत्ता लागतो. धातूच्या शुद्धतेसाठी सरकारला जे करता आले, ते पिशवीसाठी आणि भरजरी वस्त्रासाठीही करता येईल: देशाच्या नावाखाली कार्यशाळेचे नाव व गाव छापणे बंधनकारक करावे. तो कायदा होईपर्यंत पत्रलेखक महाशयांना आणि येत्या लग्नसराईत अशी खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की, हा माल कोणत्या कार्यशाळेत आणि कोणाच्या मक्त्यावर तयार झाला हे दुकानदाराला लेखी विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पैसे देऊ नयेत.